भर दुपारी फिरणारा पंखा

माझ्या थोरल्या साडूंनी आयुष्यात एकाही गोष्टीवर डोळ्यांनी किंवा कानांनी विश्वास ठेवला नाही. जो काही ठेवला तो उपड्या हातानं. माणूस असो, म्हैस असो, चहाचा पेला असो की देवळातला लाउडस्पीकर, समोर आलं की ते उजव्या हाताची मागची बाजू त्याला लावायचे, क्षणभर डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचे. निकाल दोनच: 'तापलंय' किंवा 'थंड हाय'. तिसरी अवस्था त्यांच्या जगात नव्हती. आमच्या लग्नात मुंडावळ्या बांधून मी बोहल्याकडं निघालो, तेव्हा भरल्या मांडवात त्यांनी माझ्या गालाला उपडा हात लावला आणि सासऱ्यांना खणखणीत आवाजात सांगितलं, "थंड हाय. पोरीला तरास न्हाई." हा आशीर्वाद होता की तक्रार, याचा उलगडा माझ्या बायकोला अजून झालेला नाही.

बायकोची थोरली बहीण, म्हणजे आमची अक्का, तिचे हे यजमान. बायको त्यांना दाजी म्हणायची, म्हणून मीही दाजीच म्हणू लागलो. राजारामपुरीत त्यांची पिठाची गिरण होती, आणि चक्कीतून पडणाऱ्या पिठाखाली उपडा हात धरून त्यांचा जन्म गेला होता. पीठ तापलं की भाकरी तव्यावर जायच्या आधीच तुटते, भाकरी तुटली की सासू सुनेला बोलते, सून नवऱ्याला बोलते, नवरा रस्त्यात कुणाशीतरी भांडतो. तेव्हा कोल्हापुरातल्या यच्चयावत भांडणांचं मूळ तापलेल्या जात्यात आहे, असा त्यांचा सिद्धांत होता. तो ते गिऱ्हाइकाला डबा परत देताना सांगत. घरातला रेडिओ ते बातम्यांच्या अर्ध्यात बंद करून ओल्या फडक्यानं पुसायचे. "दम खाऊ दे त्याला. जगाच्या बातम्या कुठं पळत न्हाईत." एकदा एकादशीच्या कीर्तनात बुवांनी द्रौपदीच्या वस्त्रहरणाला हात घातला, नेमकं तेव्हाच दाजींनी उठून लाउडस्पीकरच्या पेटीला हात लावला आणि ती बंद केली. पुढचं वस्त्रहरण बुवांना घसा ताणून करावं लागलं.

दिसायला मात्र ते माणसासारखे दिसत नसत. पायापासून डोक्यापर्यंत पीठ. भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या, कानातले केस पांढरे. भर दुपारी जुन्या, जड, काळ्या मोटारसायकलवरून ते रस्त्यानं आले की फक्त सावलीच काय ती खरी वाटायची. आमच्या शाळेचा नवा शिपाई त्यांना फाटकात बघून मधल्या सुट्टीची घंटा न देताच आत पळाला होता. दाजींनी त्या घंटेलाही हात लावून बघितला.

आता मी. मी त्या शाळेत शास्त्र शिकवायचो. वीज हा विषय मला फळ्यावर फार चांगला यायचा. फळ्यावरून खाली उतरला की मात्र तो मला ओळख दाखवायचा नाही. घरची इस्त्री मी दुरुस्त केल्यापासून ती लावली की शेजाऱ्यांचा रेडिओ खरखरू लागे. मी हात लावलेली वस्तू दुसऱ्या दिवशी आणखी बिघडते, हे आमच्या घरात कुणी नवल म्हणून सांगतही नसे. फक्त दाजींचा माझ्यावर विश्वास होता, कारण मी थंड होतो.

त्यांना एकच मुलगा, विलास. गिरणीत बसायला नको म्हणणारा, मोटारसायकलवर जीव असलेला. चैत्रात जोतिबाच्या यात्रेला तो मित्राला मागं बसवून गाडी घेऊन डोंगर चढला. वाटेत गाडी तापली, इंजिन जाम झालं आणि ती त्यानं बैलगाडीत घालून परत आणली. दाजींनी इंजिनाला हात लावला. ते थंडगार होतं. मग ते स्वतःच तापले. "माझी गाडी जाळलीस. पुन्हा तोंड दावू नगंस," एवढंच म्हणाले. तसलं बोलणं आमच्याकडं जेवणाआधी होतं आणि जेवणानंतर विसरतात. विलास जेवायलाच थांबला नाही. कोकणात गूळ नेणाऱ्या कुठल्यातरी ट्रकवर चढला म्हणे. पत्र नाही, निरोप नाही.

दुसरा कुणी बाप असता तर शोधायला गेला असता. दाजींनी सिद्धांत मांडला. भांडण कशानं झालं? गाडी तापल्यानं. तेव्हा गाडी तापायचीच थांबवली की भांडणाचं कारण उरत नाही, आणि कारण उरलं नाही की पोरगं परत येणार. इंजिन दुरुस्त करून घेतलं, मग लष्कराच्या मोडीतून त्यांनी जीपमधली एक छोटी मोटर मिळवली, गोडेतेलाच्या डब्याचा पत्रा कापून तिला पाती केली आणि तो पंखा गाडीच्या पुढं, इंजिनाच्या तोंडावर बसवला. डब्यावर मोराचं चित्र होतं. त्यातला एक डोळा एका पात्यावर आला होता, आणि पंखा थांबला की तो डोळा नेमका वर येऊन थांबायचा आणि बघत राहायचा.

वायरिंग मी केलं. करायला नको होतं, पण केलं. बॅटरीतून निघालेली वायर सरळ पंख्यात घातली आणि स्विच बसवला तो परतीच्या वायरीवर; म्हणजे पुढचं दार सताड उघडं ठेवून परसदाराला कुलूप घातल्यासारखं. त्यातल्या त्यात एक शहाणपण सुचलं, पंख्यापुरता एक काचेचा फ्यूज मध्ये टाकला; तो काढला की पंख्याची वीज तुटणार. परिणाम असा की चढावर, जिथं पंखा हवा, तिथं तो रुसायचा. दाजी कौतुकानं म्हणायचे, "नवा हाय. लाजतोय."

मग त्या रविवारची दुपार आली. मी दाजींच्या घरी, म्हणजे गिरणीतच, जेवायला गेलो होतो. जेवणं झाली आणि वीज गेली. दिवसभर खडखडणारी गिरण थांबली की अंगणातली शांतता अंगावर येते. पट्टा लोंबत होता, हवेतलं पीठ उन्हाच्या तिरिपेत जागच्या जागी उभं होतं. दाजी पायरीवर बसले होते. अंगणात मोटारसायकल, हँडल डावीकडं वळवून कुलूप लावलेली, किल्ली दाजींच्या खिशात. अक्का ताकाचा तांब्या घेऊन बाहेर आली आणि कुणालाच न विचारता म्हणाली, "विलासनं खाल्लं असंल का काय आज."

"खाईल की. हातपाय हाईत त्याला," दाजी भिंतीकडं बघत म्हणाले.

गाडीत कुठंतरी टक्कन वाजलं आणि पंखा सुरू झाला.

जोरात नाही. घूं करून, झोपेतून उठल्यासारखा. दाजींनी खिशातून किल्ली काढून तिच्याकडं बघितलं. मग माझ्याकडं.

"मास्तर, तुमी काय केलासा?"

"मी हितं बसलोय की."

ते उठले, गाडीपाशी गेले, इंजिनाला उपडा हात लावला. "तापल्याली न्हाई," ते हळूच म्हणाले. "मग ह्यो कुणासाठी फिराय लागलाय?" पंखा थोडा वेळ फिरला आणि थांबला. मोराचा डोळा वर आला. अक्काच्या हातातला तांब्या कलला होता आणि ताक पायरीवर सांडत होतं, पण तिकडं कुणाचं लक्ष नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी दाजींनी विचारूनच बघितलं. जेवून आले, पायरीवर टेकले, घसा खाकरला आणि मोटारसायकलला म्हणाले, "विलास, बरा हाईस न्हवं?" गिरणीच्या दारात डबे घेऊन आलेली माणसं श्वास धरून उभी. आणि टक्. घूं. दाजींचा चेहरा पिठाखालूनही उजळलेला दिसला. त्या दिवशी त्यांनी कुणाच्याच डब्याला 'तापलंय' म्हटलं नाही. मग तो रोजचाच पाठ झाला. मला रस्त्यात गाठून सांगायचे, "पोरगं ठीक हाय. आज जरा उशिरा बोललं. गाडी घाटात असंल." मी हसायचो. पण खरं सांगतो, एकदा मीही त्या अंगणात एकटा असताना पंखा सुरू झाला, आणि मी उठून उभा राहिलो. वर्गात साहेब आल्यावर पोरं उठतात तसा.

अक्का एके दिवशी सकाळीच आमच्या घरी आली. बस म्हटलं तरी बसली नाही. दाराची चौकट धरून उभी राहिली.

"मास्तर, त्यो पंखा बंद करा."

"अगं अक्का, दाजींना तेवढंच बरं वाटतंय."

"त्यास्नी वाटतंय. मला इचारा की." तिनं पदर तोंडाला लावला. "जितं माणूस पत्र धाडतंय. भर दुपारी येऊन पंखा कोण फिरवतंय, सांगा बगू."

माझ्या पुस्तकात या प्रश्नावर धडा नव्हता. एकाच पंख्यानं रोज दुपारी नवऱ्याला सांगायचं की पोरगा आहे, आणि बायकोला सांगायचं की पोरगा नाही. दोघं एकाच पायरीवर बसून ऐकणार, तो हसत उठणार, ती आत जाऊन चुलीपुढं बसणार. हे थांबवायलाच हवं होतं, आणि वायरिंग करणारा मीच होतो.

दाजी गावाकडं एका लग्नाला एसटीनं गेले तेव्हा मी अक्काकडून किल्ली घेऊन हँडलचं कुलूप काढलं, ते सरळ केलं आणि हत्यारं घेऊन अंगणात बसलो. पुस्तकाच्या क्रमानं गेलो. स्विच उघडला, घासला, लावला. चांगला. मोटर उघडली, आतले कार्बन साफ केले, तेलाचा थेंब सोडला. उत्तम. बॅटरी तपासली. ठणठणीत. कुठंच बिघाड नव्हता, आणि बिघाड नसणं हीच आता घाबरायची गोष्ट झाली होती. अंगणात कुणी नव्हतं. कावळासुद्धा नव्हता. मी उठावं म्हणून हँडलला धरलं, ते डावीकडं वळलं, आणि माझ्या कानाशी कुणीतरी घूं केलं.

मी "आई गं" म्हणून ओरडलो आणि पिठाच्या पोत्यावर बसलो. अक्का दारात आली. आम्ही दोघंही पंख्याकडं बघत राहिलो. मग मी पोत्यावरूनच काठीनं हँडल उजवीकडं ढकललं. पंखा थांबला. डावीकडं. सुरू. उजवीकडं. बंद. हँडलच्या मानेपाशी माझी परतीची वायर घासून उघडी पडली होती. दाजी रोज जेवणाआधी गाडीवरून एकाच वेळेला यायचे, हँडल डावीकडं वळवून कुलूप लावायचे. तापलेली गाडी निवत आक्रसायची, तार गाडीच्या सांगाड्याला टेकायची, स्विच न लावताच वीज पुरी फिरायची, पंखा सुरू. त्याच्याच थरथरीनं तार सुटायची, पंखा बंद. भूत एवढं वक्तशीर का होतं ते मला कळलं. मी तारेला पट्टी गुंडाळली, वायर लांबून फिरवली. अक्कानं ती पट्टी दोनदा चाचपून बघितली आणि माझ्या हातावर साखर ठेवली.

दाजी परत आल्यावर मी लपवलं नाही. खडूनं गिरणीच्या भिंतीवर आकृती काढून सगळं समजावलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हंजे वायर घासली."

"व्हय."

"मान्य. पर मास्तर, ती इचारल्यावरच का घासायची?"

"दाजी, तुमचं विचारणं आणि गाडीचं निवणं एकाच वेळेला व्हायचं."

"असंल," ते म्हणाले. पायरीवर बसले, गाडीकडं बघितलं, आणि आमच्या सगळ्यांसमोर विचारलं, "विलास, बरा हाईस न्हवं?" काही वाजलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. मग उठून पंख्याच्या मोटरला उपडा हात लावला, तो बराच वेळ लावून ठेवला, आणि म्हणाले, "थंड हाय." हे दोन शब्द त्यांच्या तोंडून मी हजारदा ऐकले होते. तसे कधी ऐकले नव्हते. "बोलायचं असलं त्याला, तरी आता कुठनं बोलंल? तोंडच बंद केलंसा तुमी."

ते जेवेनात. म्हणजे ताटावर बसायचे, भाकरीला हात लावायचे आणि उठायचे. गिरणीत पीठ जळलं तरी त्यांना कळेना. शेवटी अक्काच पुन्हा आली. "मास्तर, हुतं तसं करा. माझं मी सोशीन."

आणि इथं माझी खरी फजिती आहे. जन्मभर मी वस्तू दुरुस्त करायला गेलो आणि बिघडवून आलो. एकदाच, चुकून, माझ्या हातून काहीतरी खरोखर दुरुस्त झालं. आणि ते आता मला बिघडवता येईना. मी पट्टी सोडली, तार उघडी केली, पहिल्या जागी दाबली. पंखा एकतर फिरायचाच नाही, नाहीतर सुरू झाला की थांबायचाच नाही. पूर्वीचा तो टक्, तो उशीर, ते थोडं फिरून थांबणं काही केल्या येईना. एकदा बराच जमल्यासारखा वाटला म्हणून दाजींना बोलावलं. त्यांनी ऐकलं आणि मान हलवली. "हे त्येचं बोलणं न्हवं. ह्यो नुसता पंखा हाय."

एका सकाळी मी असाच खटपटत बसलो होतो. फ्यूज काढून हातात धरला होता. दाजी टोपी घालून बाहेर आले. अंगावर पिठाचा कण नाही. मी त्यांना क्षणभर ओळखलंच नाही. "बसा मागं," ते म्हणाले. "बावड्याला जाऊन बगू. गुळाचे ट्रक तिथंच थांबत्यात. हितं बसून ऐकू येत न्हाई म्हटल्यावर जायाला पायजे की." मी घाईत हातातलं खिशात टाकलं आणि बसलो.

गगनबावड्याच्या वर पोचलो तेव्हा दुपार होती, पण ती कुणीतरी पुसून टाकली होती. धुकं इतकं दाट की पुढच्या चाकाच्या पलीकडं जग संपत होतं. घाटातून ट्रकचे आवाज वर यायचे, पण ट्रक यायचे नाहीत. एका चहाच्या खोपीशी दाजींनी गाडी लावली, हँडल डावीकडं वळवून कुलूप घातलं आणि दगडावर बसले. पानसुद्धा हलत नव्हतं. ते धुक्याकडं बघत होते. बऱ्याच वेळानं, माझ्याकडं न बघता, ते पुटपुटले, "विलास, बरा हाईस न्हवं?"

टक्.

घूं.

अगदी पूर्वीसारखा, उशिरा, झोपेतून उठून. थोडा फिरला आणि थांबला. धुक्यात मोराचा डोळा वर आला आणि आमच्याकडं बघत राहिला. दाजींनी डोळे मिटून घेतले. "जमलं की तुमाला, मास्तर," ते म्हणाले. आणि मी शर्टाच्या खिशाला हात लावला. फ्यूज खिशात होता. बोटांना काच गार लागत होती. वारा असता तर धुकं हललं असतं. पहिल्यांदा मला अक्काचा प्रश्न अक्काच्या आवाजात ऐकू आला: पंखा कोण फिरवतंय.

खोपीवाला चहाचे पेले घेऊन आला. दाजींनी सवयीनं पेल्याला उपडा हात लावला. खोपीवाला हसायला लागला.

"पावणं, ही कोल्हापुरातली रीत हाय का काय? त्यो कोल्हापूरचा ड्रायव्हर बी असंच करतोय."

दाजींचा हात पेल्यावरच राहिला. "कंचा?"

"गुळाच्या ट्रकवरचा. तरणाच हाय. ट्रक थांबला की आदी बॉनेटला उपडा हात लावणार, मग माझ्या गल्लासाला. आन् मला म्हणणार, तापलंय. चहा तापल्याला नसंल तर काय बर्फ असंल व्हय? सकाळीच खाली गेला बगा."

दाजी चहा निवला तरी पेला धरून बसले. मग निघताना म्हणाले, "आला की सांगा त्याला. म्हणावं, गाडी आता तापत न्हाई. पंखा बसवलाय." इतकी लांबलचक माफी त्यांनी जन्मात कुणाची मागितली नव्हती.

विलास आला तो भाद्रपदात, एसटीनं. दाजी चक्कीपाशी होते. त्यानं आत येऊन वाकून नमस्कार केला, त्यांनी त्याच्या कपाळाला उपडा हात लावला, आणि तो हात तिथंच ठेवून दुसऱ्या हातानं गिरण बंद केली. दारातली गिऱ्हाइकं डबे तिथंच ठेवून घरी गेली. अक्कानं विलासला जेवू घातल्यावर तो अंगणात गेला, माझं वायरिंग बघितलं आणि मोठ्यानं हसला. दाजी पायरीवरून म्हणाले, "हसू नगंस. त्येनंच बोलवलंय तुला." पंखा मात्र त्यानंतर आपणहून कधी फिरला नाही. फ्यूजचं मी दाजींना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांना त्यात नवल वाटलं नसतं, आणि माझ्याजवळचं तेवढंच एक नवल संपलं असतं.

दाजी जाऊन आता बरीच वर्षं झाली. गिरण विलास बघतो. मोटारसायकल त्यानं माझ्या अंगणात आणून ठेवली. म्हणाला, मास्तर, हिचा बिघाड तुम्हालाच ठाऊक. बॅटरी केव्हाच काढून टाकली आहे, पंख्याची पाती गंजली आहेत, मोर गेला आहे, डोळा तेवढा शिल्लक आहे. जाता-येता मी इंजिनाला उपडा हात लावतो. ते थंड असतं. असायचंच. परवा दुपारी लावला तर कोमट लागलं. उन्हानं असेल. मी शास्त्राचा मास्तर आहे, उन्हानंच असणार. मी थोडा वेळ हात तसाच ठेवला, "दाजी, बरं हाय न्हवं?" म्हणालो, आणि हँडल डावीकडं वळवून घरात आलो.